दोन इंच उचलायला नुसती लांब शेकल पुरते का?

सातपुडा_४बाय४
काल इथे एकाने लिहिलं, "जीप दोन इंच उचलायला उंची वाढवायचं तयार किट कशाला? लांब शेकल टाका, मागे एक पाटा वाढवा, पाच हजारांत काम." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही. शेकल म्हणजे पाट्याचं (एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) एक टोक चेसिसला टांगणारी पट्टी.

दोन इंच लांब शेकलने गाडी दोन इंच उचलत नाही, साधारण एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. पुढे लावली तर अ‍ॅक्सल फिरतो, कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) घटतो, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. मागे पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या गिअरचा) कोन बदलतो आणि शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर खराब होतात.

आणि शॉकअप (पाट्याचे हेलकावे आवरणारे दांडे) जुनेच? गेल्या पावसाळ्यात धडगावकडच्या एका नाल्यात माझं मागचं डावं चाक लोंबलं. पाटा अजून खाली जायला तयार होता, पण शॉकअपची लांबी संपली होती. सगळा भार त्याच्या खालच्या डोळ्यावर (बोल्ट बसतो त्या कड्यावर) आला आणि बुशासकट डोळा फाटला. वाकून हात घातला तर ब्रेकचा होज (रबरी नळी) एकतारीच्या तारेसारखा ताणलेला. गाडीत बायको आणि दोन पोरं होती.

आधी गाडीत कायम किती वजन असतं ते ठरवा, त्यावर पाटा निवडा, मग पाटा पूर्ण खाली-वर जातो तेवढ्या मापाचा शॉकअप घ्या. उंची त्यातून येईल तेवढीच घ्यायची.

गिरणाकाठ
ती पोस्ट माझीच. चार वर्षं झाली शेकल टाकून. केळीच्या बागेत, काळ्या मातीत, भर पावसाळ्यात रोज जाते गाडी. काही तुटलं नाही. तुम्ही नाल्यात चाकं लोंबवता, त्यात शेकलचा काय दोष? पुण्याहून मागवलेलं किट इथल्या शेतकऱ्याला परवडत नाही, हे आधी समजून घ्या. पैसा मन्हा, गाडी मन्ही, तुले कसाले तरास?

थारवेडा
तरीही किटच घ्या. आधीच्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) होते, त्यांचे बोल्ट आवळून नाक वर केलेल्या कितीतरी गाड्या आपल्याकडे फिरतात. उंच दिसतात, पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटून ग्रीस उडतं. २०२० च्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग आली, तिथे शेकलचा प्रश्नच मिटला.

गिरणाकाठ
थारचं इथे काय काढलं? मी जीपचं बोलतोय. आणि मी नवा पाटाही घेतला नाही. गावच्या लोहाराकडे मेन पाटा लाल करून कमान वाढवून घेतली. दीड इंच मिळाला.

हायवे_पाटेवाला
आता मात्र मी गप्प बसणार नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात, आणि आमचं पाट्यांचं दुकान तिथे वडिलांपासून आहे. ट्रकचे तुटलेले पाटे किती हाताखालून गेले, मोजलेले नाहीत. पाटा लाल केला की त्याचं पाणी, म्हणजे कारखान्यात दिलेला कडकपणा, गेलं. हवेत गार झाला तर मऊ पडतो आणि बसतो. पाण्यात बुडवला तर काचेसारखा होतो आणि तुटतो. कारखान्यात तो तेलात बुडवून पुन्हा चार-पाचशे अंशांवर तापवलेला असतो. भात्यावर डोळ्यांनी रंग बघून ते साधत नाही. आम्ही कमान चढवतो ती थंड पाट्यावर, हातोड्याने, बोटभर बोटभर सरकवत. तरी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, पुढे ती थोडी उतरणार.

गिरणाकाठ
म्हणजे आमच्या लोहाराला काही कळत नाही? तीन पिढ्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारं घर आहे ते. दुकान हायवेवर आहे म्हणून गावच्या माणसाला अडाणी ठरवू नका.

हायवे_पाटेवाला
दादा, धाव लाल करूनच चढवायची असते, गार होताना ती आवळते. ते काम मला जमणार नाही, हे मी मान्य करतो. पण पाटा वेगळ्या जातीचं पोलाद. आणि तुम्ही लाल केला तो मेन पाटा. दोन्ही डोळे त्यालाच असतात. तो तुटला तर अ‍ॅक्सल जागा सोडतो, मग स्टिअरिंग कुणाच्या हाती?

शिरपूरचा_ड्रायव्हर
लोहारावरून भांडताय, पासिंगचं (आरटीओच्या तपासणीचं) कुणीच बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवरच आहे. माझी उचललेली गाडी पासिंगहून परत पाठवली, सगळं उतरवून पुन्हा न्यावी लागली. दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्याचा हिशेब कोण धरतं?

सातपुडा_४बाय४
तो वेगळा धागा काढा भाऊ, मी येतो तिथे. गिरणाकाठ, तुमच्या शेतात शेकल चालली असेल, ते मी नाकारत नाही. सपाट रानात चाक लोंबतच नाही. पण वाचणारे हेच करून तोरणमाळच्या घाटात जातात.

गिरणाकाठ
घाटाचं मी लिहिलं नव्हतं, ते लिहायला हवं होतं. मेन पाटा बदलतो, नवा. शॉकअपचंही बघतो. शेकल काढणार नाही.

सातपुडा_४बाय४
मग पुढे पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर टाकून कास्टर परत आणा. शॉकअप घेण्याआधी जुने सोडा, चेसिस उचलून चाकं लोंबू द्या, होजवर नजर ठेवा आणि वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत टेप लावा. मग गाडी बंप स्टॉपवर (पाट्याचं वर येणं थांबवणाऱ्या रबरावर) टेकवून तेच माप पुन्हा. दोन्ही आकडे इथे टाका.

हायवे_पाटेवाला
जुना मेन पाटा भंगारात देऊ नका, घेऊन या. लाल केलेल्या जागी कानस किती सहज चावते ते तुमच्याच हाताने बघा.

गिरणाकाठ
मंगळवारी माल घेऊन धुळ्याला येतोय. लोहारालाही सोबत आणतो.