८०० रुपये तिकीट, दोनदा रद्द झालेले प्रयोग: तरी या संगीत नाटकाला आपण जायचं का?

टिळकवाडीकर
मुंबईचं ते नवं संगीत नाटक अखेर बेळगावला येणार म्हणतायत. त्याची आजवरची परवड सांगतो. दिग्दर्शक मध्येच बदलला, फिरता रंगमंच अडकला म्हणून दोन प्रयोग रद्द झाले, खर्च फुगत गेला आणि आता पुढच्या रांगांना ८०० रुपये तिकीट. गावात सूर निघतोय की जायचं कशाला. मी म्हणतो, जायचंच.

निर्माता दौरा आखतो तेव्हा कोल्हापूर-सांगली धरूनच चालतो. निपाणीच्या पुढे यायचं की नाही, ते आपल्या बुकिंगवर ठरतं. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, वादक आणि बॅकस्टेजवाल्यांची नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, हा खर्च रिकाम्या खुर्च्यांवर निघत नाही. आपला प्लॅन, म्हणजे खुर्च्यांच्या बुकिंगचा तक्ता, कोरा राहिला तर पुढचं चांगलं नाटकही कोल्हापुरातूनच माघारी वळेल. शिवाय इथे ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष वाजतात, ट्रॅक नाही. गायक तान लांबवतो, तबलजी त्याच्या तोंडाकडे बघत थांबतो आणि दोघं एकदम समेवर येतात, हे ऐकायला एरवी आपल्याला पुणं गाठावं लागतं.

आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला तो चारच अंकांचा. उरलेले अंक नंतर आले. पुरं झाल्याशिवाय बघणार नाही म्हणून तेव्हाचे प्रेक्षक घरी बसले असते तर?

शहापूर, खडे बाजार
किर्लोस्करांचे चार अंक बसलेले होते हो. अर्धे असतील, पण कच्चे नव्हते. इथे कच्चा माल पुऱ्या भावाने विकतायत. घरचे चौघं गेलो तर ३२०० रुपये.

न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर स्पायडर-मॅनचं संगीत नाटक आलं होतं. खर्च साडेसात कोटी डॉलर, संगीत ‘यू-टू’ या रॉक बँडमधल्या बोनो आणि द एज यांचं. नोव्हेंबर २०१० मध्ये पूर्वप्रयोग सुरू झाले, ते तब्बल १८२ झाले आणि रीतसर शुभारंभ जून २०११ मध्ये. मधल्या काळात दिग्दर्शिकेला बाजूला केलं, एक नट उंचावरून पडून जबर जखमी झाला. लोक मात्र पुरं तिकीट काढून जातच राहिले. एवढं होऊन जानेवारी २०१४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा गुंतवणूकदारांचे सहा कोटींच्या आसपास डॉलर बुडाले होते. आपण गर्दी केली म्हणून नाटक सुधारतं हे मला पटत नाही. गर्दी असली की निर्मात्याला थांबून दुरुस्ती करायची गरजच वाटत नाही.

खानापूरची सुनबाई
तीन अंकी नाटक सुटेपर्यंत आमची शेवटची बस गेलेली असते. दुपारचा प्रयोग लावा, मग ८०० चं बघू. आमच्या तालुक्यातनं नाटकवेडी माणसं कमी नाहीत.

वडगावकर
मी हौशी नाटकांत पंधरा-वीस वर्षं बॅकस्टेज केलंय, म्हणून बोलतो. तुम्ही तिकिटाचं बोलालाय, मला त्या फिरत्या रंगमंचाची काळजी लागलीय. फिरता रंगमंच अडकला की पडदा पाडतात आणि अंधारातच एक पोरगा खाली वाकून चाकात हात घालतो. बाहेर प्रेक्षक टाळ्या पिटायलेत, आत मॅनेजर ‘आवर, आवर’ करतोय. त्या पोराची बोटं गेली तर त्याला कोण बघणार? सेट आपल्या स्टेजवर आदल्या दिवशी लावून, फिरवून बघा, मग प्लॅन उघडा. हे होणार नसेल तर मी काय जाणार नाही, आणि माझ्या ग्रुपलापण नको म्हणून सांगणार.

टिळकवाडीकर
वडगावकर, आदल्या दिवशीची तालीम आयोजकांनी मान्य करायलाच हवी, ती अट मीही घालीन. पण शहापूरकर, खर्चाचं म्हणाल तर बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी भरजरी शालू आणि अत्तरांपायी कर्जात बुडाली होती. म्हणून बालगंधर्वांचं गाणं कुणी नाकारलं? २०१५ चं नाट्यसंमेलन बेळगावात झालं, गायिका-अभिनेत्री फैय्याज अध्यक्ष होत्या, गाव किती अभिमानाने वावरत होतं! तो अभिमान संमेलनापुरताच ठेवायचा का?

शहापूर, खडे बाजार
बालगंधर्वांचं गाणं होतं म्हणून अत्तर खपलं. ‘देवबाभळी’ हे संगीत नाटक बघा. रंगमंचावर दोनच बायका, तरी २०१७ पासून पाचशेच्या आसपास प्रयोग झाले. नाटकात जीव असला की फिरत्या रंगमंचावाचून अडत नाही. मला हे नाटक पडायला नकोय. त्यांनी तो सेट कोल्हापुरात उतरवून ठेवावा आणि साध्या पडद्यावर, ऑर्गन-तबल्यावर प्रयोग करावा. तिकीट ३०० ठेवलं तर अख्खी गल्ली घेऊन येतो.

खानापूरची सुनबाई
आणि दुपारी!