मदत हवी आहे: तुराट्यांचं सुगरणीचं घरटं, कडं कशाचं करू?

नमस्कार मंडळी,

मी आंबाजोगाईकडच्या एका गावात शाळेत चित्रकला शिकवते. आवारातल्या कडुलिंबाच्या आडव्या फांदीला मुलांसोबत सुगरणीचं साधारण ६ फुटी घरटं टांगायचं आहे. पूर्ण नाही, अर्धवट. नर आधी उभं कडं विणतो, मग त्याच्या एका बाजूला अंड्यांची खोली. मादीला पसंत पडलं तरच नळी पुरी करतो, नाहीतर तसंच सोडून दुसरं विणायला घेतो. मला ते सोडलेलं घरटंच जास्त सुंदर वाटतं, कारण त्यात वीण उघडी दिसते.

विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेलं एक घरटं उकललं, तर आत वाळलेल्या मातीचे गोळे चिकटवलेले होते. वाऱ्यात घरटं फार हलू नये म्हणून, असं म्हणतात. मुलांना त्या गोळ्यांनीच वेड लावलंय, त्यामुळे आपल्याही घरट्यात ते हवेतच.

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, ढिगानं आहेत. अंबाडीचा वाख (सालीचे धागे) आणि केकताडाचे (घायपाताचे) दोर मिळालेत. तार नि नायलॉन नको, पावसाळ्यात उतरवलं की सगळं उकिरड्यात कुजलं पाहिजे.

अडचण कड्याची आहे. वाळलेली तुराटी वाकवली की कटकन मोडते. रात्रभर भिजवली तरी गोल येत नाही. आणि गोळ्यांना काळी माती घेतली तर भेगा पडून गळतील का? तुराट्यांऐवजी पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) वापरू का?

प्रतिसाद

ताई, तुराटी कुडाच्या भिंतीला आणि धान्याच्या कणगीच्या उभ्या काड्यांना चांगली, कड्याला नाही. ओढ्याकाठच्या निरगुडीच्या ओल्या फोका (लवचिक बारीक फांद्या) आणा. चार-पाच फोका एकमेकींत पिळत न्या, जाड बुडखे एका जागी येऊ देऊ नका. वाखानं आवळून बांधा. फोका वाळल्या की आकसतात आणि गाठी ढिल्या पडतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा आवळा. तोवर टांगू नका. तुराट्या त्यात उभ्या खोवायच्या.

काळी माती एकटी नको, फार आकसते. माळवदावर (धाब्याच्या छतावर) घालतात ती पांढरी माती, शेण आणि बारीक भुसा मळून दोन दिवस मुरू द्या. गोळे विणीत दाबून बसवा, नुसते चिकटवू नका, आणि थोडेच ठेवा. वजन वाढलं तर केकताडाचा दोर फांदीची साल कापेल. तिथं गोणपाटाची घडी घाला.

पऱ्हाट्या शाळेत साठवू नका. राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कापसावर जाते.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार दादा. पऱ्हाट्या रद्द. निरगुडी आमच्या ओढ्याला भरपूर आहे, रविवारी मुलांना घेऊन जाते. एकच विचारायचं राहिलं: फोका तोडल्यावर त्याच दिवशी पिळायच्या, की पानं काढून सावलीत थोड्या सुकू द्यायच्या?