फायरवॉलच्या लॉगमध्ये सगळं यूट्यूब आमच्या हेडक्लार्कच्याच नावावर कसं?

वाळवंटीकाठचा:
साखळीतल्या एका छोट्या पतसंस्थेत मी हिशेब लिहितो. 'तुला कॉम्प्युटरातलं कळतं' म्हणून नेटवर्कही माझ्याच गळ्यात. चवथीच्या आधी फायरवॉल (ऑफिस आणि इंटरनेटच्या मधला पहारेकरी) बसवून घेतली. ब्राउझर उघडला की लॉगिनचं पान येतं, नऊ माणसांना नऊ वेगळे पासवर्ड.

महिन्याचा लॉग (कुणी कधी काय उघडलं त्याची नोंद) काढून अध्यक्षांसमोर ठेवला आणि फजिती झाली. हेडक्लार्क काकांच्या नावावर रोज दुपारी २ ते ३.३० यूट्यूब! काका त्या वेळी घरी शीतकडी जेवून गाढ झोपलेले असतात, ते साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. फोनही बटणांचा. पासवर्ड फुटला असेल म्हणून बदलला, तरी तेच. ही फायरवॉल माणूस ओळखते तरी कशावरून?

फोंड्याचा वायरमन:
माणूस ओळखतच नाही. लॉगिन बरोबर आलं की ती आपल्या तक्त्यात एक ओळ लिहिते: अमुक आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला मिळालेला आकडी पत्ता) म्हणजे काका. त्यानंतर येणाऱ्या पॅकेटांवर (माहितीच्या तुकड्यांवर) कुणाचं नाव नसतं, नुसता पत्ता असतो. पत्ता जुळला की सोडलं, आणि लॉगमध्ये काकांचं नाव. काकांच्या ओळीत कुठला पत्ता दिसतो? मध्ये दुसरा एखादा राउटर आहे का?

वाळवंटीकाठचा:
१९२.१६८.१.२०. काकांची खोली मागे आहे, तिथे वायफाय पोचत नव्हतं म्हणून एकाने जुना राउटर लावून दिला होता. काकांचा कॉम्प्युटर त्यालाच जोडलाय. आत्ता जाऊन बघितलं, तर .२० हा पत्ता त्या राउटरचाच! कॉम्प्युटरचा स्वतःचा १९२.१६८.०.५ आहे.

फोंड्याचा वायरमन:
सापडलं. तो राउटर नॅट करतोय, म्हणजे मागच्या सगळ्या यंत्रांना आपल्या एकाच पत्त्याआड लपवतोय. चोडणच्या फेरीबोटीत चारचाकीचं तिकीट घेतात, आत किती जण बसलेत ते कोण मोजतो? तसंच. काका सकाळी लॉगिन करतात, की त्या वायफायवरचे सगळे फोन काकांच्या तिकिटावर पलीकडे. फोन सतत काही ना काही ओढत असतात, त्यामुळे आयडल टाइमआउटची (काही वेळ वापर नसला की आपोआप लॉगआउट) वेळ भरतच नाही. काका झोपले तरी सेशन जागं.

राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नॅट न करता नुसतं वायफाय देईल. तो मोड नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.मधला, दुसऱ्या कुणाचा नसलेला द्या. मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि फायरवॉलकडून येणारी वायर वॅन (बाहेरच्या) पोर्टातून काढून लॅन (आतल्या) पोर्टात घाला. मग प्रत्येक फोनला पत्ता फायरवॉलच्या बाजूने मिळेल आणि प्रत्येकाला लॉगिन वेगळं मागेल.

पेडण्याची अॅडमिन:
खरं तर वायफायलाच ८०२.१एक्स लावायला हवं. नाव-पासवर्ड दिल्याशिवाय जोडणीच मिळत नाही, तपासणी रेडियस नावाचा वेगळा सर्व्हर करतो.

फोंड्याचा वायरमन:
बरोबर आहे तुमचं. पण नऊ माणसांच्या ऑफिसात तो सर्व्हर सांभाळणार कोण, काका?

वाळवंटीकाठचा:
शनिवारी वायर बदलली. सोमवारी दुपारी काकांच्या नावावर शून्य! यूट्यूब कोणाचं तेही कळलं, पण लॉग अध्यक्षांना दाखवायचा की नाही, या विचारात आहे. पुतण्या त्यांचाच. आता एकच तक्रार: काही फोनांवर लॉगिनच्या पानाऐवजी सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) लाल सूचना येते.

फोंड्याचा वायरमन:
ते होणारच. एचटीटीपीएसची (कुलूपबंद जोडणीची) साइट उघडताना फायरवॉल मध्येच आपलं पान पुढे करते, तेव्हा सर्टिफिकेट त्या साइटचं नसतं आणि ब्राउझर ओरडतो. 'तरीही पुढे जा' दाबायची सवय कुणाला लावू नका. वायफायला जोडल्यावर फोन स्वतःच 'नेटवर्कवर साइन इन करा' म्हणतो, त्यावर टिचकी मारायला सांगा. आणि आयडल टाइमआउटच्या भरवशावर राहू नका, ठरावीक तासांनी सक्तीचं लॉगआउट लावा. काकांनाही सांगा, जेवायला निघताना लॉगआउट करून जा म्हणावं.