जुनी मोटरसायकल: दुरुस्ती की दुसरी गाडी? अनुभव लिहा

पाना_चौदा
आज रॉकेलात धुतलेल्या पिस्टनचा वास आला आणि जुना वाद परत डोक्यात घुमायला लागला. दोन-तीन हात फिरलेली गाडी, इंजिन करायचं की बदलायची? माझं ठाम मत: इंजिन शेवटी, आधी चासी बघा. हँडलखालचा सांधा, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणारा दांडा) बोल्ट जिथे बसतो ती जागा, इंजिनाखालच्या नळ्या. रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा, तडा किंवा आरपार गंज दिसला तर एक पैसाही घालू नका. इंजिनाचा प्रत्येक भाग बदलता येतो. तुम्ही काय काय तपासता?

फिरकी
निळा धूर दिसला की लोक लगेच बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा) करायला धावतात. थांबा! रात्रभर उभी गाडी चालू करताना भसकन धूर आणि मग साफ, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबर). लोडवर ओढताना सतत धूर, तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी). खात्री करायची तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करा (टाईट असले तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं), मग इंजिन गरम करून प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा. किल स्विच बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारा. नंतर प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल टाकून परत तेच. आकडा चढला तर रिंग-बोअर, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

अवनी
+१ फिरकी. बोअरचं अजून एक. ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे चढत जातात, आणि माप बहुतेक वेळा पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं असतं. शेवटचं माप आधीच वापरलं असेल तर नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) नाहीतर नवा सिलिंडर ब्लॉक. आणि पिस्टन आधी हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलट कधीच नको.

तेलकट_हात
क्रँकचं (पिस्टनच्या ये-जा हालचालीने फिरणारा दांडा) कोणीच बोललं नाही?? ब्लॉक उतरला की कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारी) धरून वर-खाली ओढा. बाजूला थोडी हलली तर चालतं, वर-खाली अजिबात खेळ नको. असला तर क्रँककेस (क्रँकचं आवरण) उघडावी लागते, मग बेअरिंग, सील, गॅस्केट सगळंच आलं. माझ्या मते इथे दुसरी गाडी शोधावी. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळायचे बंद झाले असतील तर नक्कीच.

सुमा
पोरं यायची वेळ झालीय, थोडक्यात लिहिते. क्लच घसरतो म्हणून गाडी काढू नका! आधी केबल बघा, मग ऑइल. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल ओल्या (इंजिन ऑइलात चालणाऱ्या) क्लचला चालत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) हवं.

पाना_चौदा
ताई, अगदी बरोबर. निम्म्या गाड्या उगाच उघडल्या जातात.

नवखा
थोडं विषयांतर. टाकी आतून गंजलीय, कार्बोरेटर सारखा चोक होतो. टाकी फेकू का?

अवनी
अरेरे, वैताग असतो तो. फेकू नका. टाकी उतरवून पेट्रोल पूर्ण काढा, पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच वाळवा, ओली राहिली तर गंज पुन्हा धरतो. कार्बोरेटरचा स्लो जेटही (बारीक भोकाचा भाग) साफ करा. बारीक भोकं पडली असतील तर मात्र दुसरी टाकी. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीला वेल्डिंग लावू देऊ नका, स्फोट होतो.

फिरकी
चेन मागच्या चक्राच्या पाठीमागून ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. पुढच्या फोर्कच्या नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही फाटतं. कोनसेट (हँडलचे बेअरिंग) मध्यभागी अडकत असेल तर घाबरू नका, स्वस्तातलं काम.

नवखा
आभार अवनीताई, आज रात्रीच भरतो. सुमाताई, केबल बघा म्हणजे नक्की काय?

सुमा
क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. नसेल तर क्लचच्या प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्याच जात नाहीत, म्हणून घसरतो. आधी तेवढं करून बघा.