सावंतवाडीची डाव्या पायाची स्टॉपर: व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचायचं तर आता काय करावं?

मळेवाड_कट्टा:
भाची अकरावीत आहे. शाळेकडून १७ वर्षांखालच्या संघात स्टॉपर, म्हणजे गोलसमोरची मधली बचावपटू, खेळली. उंची ५ फूट ४ इंच, पाय डावा, हेडर जोरदार. पण समोरचीने पाठीमागे बॉल टाकला की वळायला वेळ लागतो. शालेय स्पर्धांचं वय संपत आलंय आणि तालुक्यात मुलींचा क्लब नाही. घरचे पाठीशी आहेत, फक्त मुंबईला राहायला पाठवायचं की नाही हे ठरत नाहीये. बॅक, म्हणजे बचावफळीत, खेळणाऱ्या मुलीला आपल्याकडे खरंच करिअर आहे का? पुढच्या दोन वर्षांत नेमकं काय करायला हवं, म्हणून विचारतेय.

तेरेखोल_पलीकडे:
ताई, मुंबईची घाई नको. मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि सावंतवाडी रोडहून गोव्यातलं थिवी स्टेशन तासाभराच्या आत. गोव्यात मुलींची लीग चालते. दुसरी दिशा आंबोली घाट चढून कोल्हापूर. एफसी कोल्हापूर सिटी इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशातल्या मुलींच्या मुख्य लीगमध्ये, खेळलेला संघ आहे. या वयात तिला वसतिगृहापेक्षा सामन्यांची गरज जास्त. आपल्याहून मोठ्या मुलींविरुद्ध वर्षाला वीसेक पूर्ण सामने मिळतील तिथे नाव घाला.

पण आधी कागद. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या नोंदणी प्रणालीत प्रत्येक खेळाडूची नोंद असते आणि एका वेळी दोन क्लबांत नाव राहत नाही. आपल्याकडे नेहमी अडतं ते नावाच्या क्रमावर. शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, आधारवर आधी मुलीचं नाव, जन्मदाखल्यात नुसतं ‘बेबी’. तिन्ही कागद एकसारखे करून घ्या, पुढे पासपोर्टलाही तेच लागतात. गोव्याच्या क्लबात सही करण्याआधी सिंधुदुर्ग जिल्हा संघटनेकडे आणि विफाकडे (राज्याची फुटबॉल संघटना) लेखी विचारा, की महाराष्ट्राच्या निवड चाचणीला त्याने काही बाधा येते का. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

करिअर आहे, पण दार अरुंद आहे. इंडियन विमेन्स लीग २०१७ मध्ये सुरू झाली, दुसरी श्रेणी २०२३-२४ पासून. २०२४-२५ मध्ये वरच्या श्रेणीत आठ संघ होते, प्रत्येकाला १४ सामने, विजेता ईस्ट बंगाल. म्हणजे देशभरात वरच्या श्रेणीत बॅकच्या जागा जेमतेम ३२, शिवाय राखीव मुली. २०२३ मध्ये एआयएफएफने ठरवलं की वरच्या श्रेणीतल्या प्रत्येक क्लबने निदान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाखांचे करार करावेत. एवढ्यावर घर चालवणं कठीण, म्हणून बारावी आणि पदवी सोडू नका. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. राज्याकडून खेळण्याची प्रमाणपत्रं तिथे कामी येतात. वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. तिथवर पोचणं हा पहिला खरा टप्पा.

चार_नंबर:
मी फक्त खेळाबद्दल लिहितो. डावा पाय हीच तिची पुंजी आहे, ती वाया घालवू नका. डाव्या बाजूला उजव्या पायाची स्टॉपर असली की दबाव येताच ती बॉल आत, म्हणजे गर्दीत घेते. डाव्या पायाची अंग उघडून तोच बॉल रेषेकडेने पुढे देते. उजव्या स्टॉपरकडून आलेला बॉल लांबच्या, म्हणजे डाव्याच पायावर घ्यायचा आणि दुसऱ्या टचला पास. रोज भिंतीवर दोनशे पास, त्यातले निम्मे उजव्या पायाने. त्यानंतर ३०-३५ मीटरचा तिरका बॉल उजव्या विंगकडे. हा बॉल ज्या बॅकला जमतो तिला प्रशिक्षक लक्षात ठेवतात.

वळायला वेळ लागतो तो वेग कमी म्हणून नव्हे. बहुतेक वेळा दोन चुका असतात: टाचा टेकलेल्या आणि कंबर थेट बॉलकडे. अर्धं वळून उभं राहायचं, एक खांदा आपल्या गोलकडे, वजन चवड्यावर. आणि मागे हटायचं ते बॉल मारल्यावर नव्हे, त्याआधी. बॉल असलेल्या मुलीवर दबाव नाही आणि तिची मान वर आहे, तर दोन-तीन पावलं लगेच मागे. तिची पाठ आपल्याकडे आहे किंवा बॉल मागे दिला, तर सगळी रांग पुढे. हे मोठ्याने ओरडून सांगणं स्टॉपरचं काम. सराव असा: जोडीदार १५ मीटरवर, हाताने बाजू दाखवेल, वळून १० मीटर सुसाट. दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा, मध्ये ४०-४५ सेकंद पूर्ण विश्रांती. दम लागलेला असताना केलं तर वळण बिघडतं आणि तीच सवय लागते. आठवड्यातून तीनदा पुरे.

बॅकची किंमत काय, तर अमेरिकेची नाओमी गिर्मा बघा. कॉलेजात असताना गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) फाटला, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या लीगचे क्लब नव्या खेळाडू निवडतात त्यात, तिची पहिली निवड झाली, २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबाने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त मोजले. महिला फुटबॉलमध्ये तो आकडा ओलांडणारी ती पहिली, आणि खेळते स्टॉपर. आपल्याकडे मणिपूरच्या आशालता देवीने बॅक खेळूनच २०२४ मध्ये शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना गाठला.

चूक होईल, गोल खाल्ला जाईल. नवी मुंबईत २०२२ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकाची अंतिम लढत स्पेनने १-० जिंकली ती कोलंबियाच्या बॅकच्या, आना मारिया गुझमानच्या स्वयंगोलावर, ८२ व्या मिनिटाला. पुढच्याच वर्षी ती बायर्न म्युनिक या जर्मन क्लबात होती. निवडणारे सगळा सामना बघतात.

वेंगुर्ला_फिजिओ:
चार_नंबर यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. ५ फूट ४ इंच उंचीवर एकाच जागेला चिकटून राहू नये. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेची बचावपटू, हेही शिकवा. डाव्या पायाच्या लेफ्ट बॅक कमी मिळतात आणि दोन जागा खेळणारी मुलगी राखीव यादीत आधी बसते.

आता गुडघा. मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त, आणि बॅकला सतत मागे धावून वळावं लागतं. ‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप २० मिनिटांचा आहे: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, २ मिनिटं वेग. एकूण १५ व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा. उडीनंतर गुडघे आत वळतात का, ते समोरून मोबाइलवर चित्रित करून पाहा. आत जात असतील तर उडीची उंची कमी करा, आधी उतरणं सुधारा.

बूट इथे फार महत्त्वाचे. मे महिन्यात जांभ्याचं मैदान कातळासारखं होतं. तिथे लांब स्टड रुतत नाहीत, टाच आणि नडगी दुखायला लागते. आखूड, जास्त स्टडचे टर्फ बूट घ्या. जुलैच्या चिखलात तेच बूट घसरतात, तेव्हा लांब स्टड. गोव्यात किंवा मुंबईत कृत्रिम टर्फवर लांब ब्लेडचे बूट अजिबात नकोत. बूट अडकतो, अंग वळतं आणि गुडघा मध्ये सापडतो.

एसीएल झालाच तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांआधी सामना नाही, आणि दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरल्याशिवायही नाही. इंग्लंडची स्टॉपर लिया विल्यमसन एप्रिल २०२३ मध्ये जखमी झाली, जानेवारी २०२४ मध्ये परतली, आणि २०२५ मध्ये कर्णधार म्हणून युरो जिंकली.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टर गाठा, दुसऱ्या हाफमध्ये पाय जड पडण्याचं ते नेहमीचं कारण. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी, कुळथाची पिठी, सुकट. जेवणाला लागून चहा नको.

मळेवाड_कट्टा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक. परदेशात ट्रायल लावून देतो म्हणून एकाने फोन केला होता, आधी पैसे भरा म्हणाला.

तेरेखोल_पलीकडे:
पैसे देऊ नका. फिफाच्या नियमांनुसार १८ पूर्ण होण्याआधी दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली होत नाही, मोजके अपवाद सोडले तर. एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि अल्पवयीन मुलीशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती.

ट्रायलपेक्षा व्हिडिओ करा. चार-पाच मिनिटांचे तुकडे आणि सोबत एक अख्खा सामना. मोबाइल आडवा धरून, मधल्या रेषेजवळ, शाळेच्या गच्चीसारख्या उंच जागेवरून. नुसते टॅकल घालू नका. बॉल लांब असताना ती कुठे उभी आहे ते दिसलं पाहिजे.

करार आला की तीन कलमं आधी वाचा: पगार किती महिन्यांचा (बारा, की फक्त लीगचे), शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या फिजिओचा खर्च कोणाचा, आणि जखमी असताना पगार चालू राहतो का. १८ खालच्या मुलीचा करार तीन वर्षांहून मोठा नसावा. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं, तरी मिळाला नाही तर फिफाच्या नियमाने करार सोडता येतो. म्हणून पगार बँकेतच घ्या, रोख नको.