रिहॅबला नेताना: कपडे, बूट आणि घराची मापं

स्ट्रोक (पक्षाघात) झालेल्या बाबांना रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, भरती करताना सोबत काय न्यायचं, असं तुम्ही विचारलंय. फाइल, औषधांची यादी, एमआरआयची सीडी हे तर न्यायचंच. त्यात चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र घाला. स्ट्रोकनंतर समजायला आधीच वेळ लागतो, त्यात ऐकूच आलं नाही तर थेरपिस्ट तरी काय करणार!

तुमच्या बाबांची उजवी बाजू गेलीय म्हणताय, तर पुढून उघडणारे सैल शर्ट आणि इलॅस्टिकच्या पँट घ्या. घालताना बाही आधी उजव्या हातात, काढताना उजवी शेवटी. चपला नकोतच, टाच बंद असलेले वेलक्रोचे बूट हवेत. पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) लागणार असेल तर थेरपिस्टना विचारूनच बुटांचं माप ठरवा. उठवताना उजवा हात धरून ओढायचं नाही, खांदा सरकू शकतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येक काका-मामाला हे बजावा, कारण प्रेमापोटी हात ओढणारे तेच असतात. डब्यातलं काही भरवायचं ते गिळण्याची तपासणी झाल्यावरच. साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरातल्या दारांची रुंदी आणि संडास-बाथरूमचे फोटो पहिल्याच आठवड्यात थेरपिस्टना द्या, विशेषतः संडास भारतीय पद्धतीचा असेल तर. रिहॅबचा खर्च मिळेल का, ते विमा कंपनीला भरती होण्याआधी लेखी विचारा.