देपालपूरच्या शेतात तिसरं बोरिंग करावं की बलराम तलाव?

देपालपूरची सून: नमस्कार मंडळी. आम्ही राहतो इंदूरला, सुदामानगरात. सासऱ्यांची दीड हेक्टर काळी जमीन देपालपूरकडे आहे. सोयाबीन, मग गहू. दोन बोरिंग आहेत, पण फेब्रुवारीत दोन्ही बसतात आणि गव्हाचं शेवटचं पाणी राहून जातं. बाबा तिसरं बोरिंग करायचं म्हणतात. बलराम तलाव, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानातून आपल्याच शेतात खोदायचा तलाव, त्यांना नको आहे, कारण त्यात जमीन अडकते. कोणी केलाय का?

सांवेरवाले काका: ताई, आमच्या शेतात तलाव आहे, म्हणून कळकळीनं सांगतो, बोरिंग करू नका. खाली काळा पाषाण, पाणी काय ते त्याच्या भेगांत, आणि त्या भेगा भरतो पाऊसच. तिसरं बोरिंग म्हणजे त्याच माठात तिसरा पेला.

बाबांना देवासला, टोंकखुर्दकडे घेऊन जा. 1990 मध्ये देवास शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं! 2006 मध्ये उमाकांत उमराव कलेक्टर असताना तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तलाव खोदायला घेतले. जमिनीचा दहावा हिस्सा पाण्याला द्यायचा, असा त्यांचा हिशोब. उरलेल्या नऊ हिश्शांत रब्बी हाती लागते, हे बाबांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकावं. आपलं सांगणं वेगळं पडतं.

बलराम तलाव योजना त्यानंतर, 2007 ची. दीड हेक्टर म्हणजे तुम्ही लघू शेतकरी: अनुदान खर्चाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 80,000 रुपये. पैसे काम मोजल्यावर खात्यात येतात, तेव्हा जेसीबीचं भाडं आधी घरातून जाईल. आणि मंजुरी हातात आल्याशिवाय एक फावडंही मारू नका.

खोदताना मुरूम लागला तर पाणी झिरपेल. झिरपू द्या, ते तुमच्याच बोरिंगच्या कामी येतं. वरची काळी माती मात्र हलक्या तुकड्यावर पसरा.

महूची शेतकरीण: काकांचं बरोबर आहे, पण क्रम लक्षात ठेवा. तलावाच्या अर्जासाठी शेतात ठिबक किंवा स्प्रिंकलर आधीपासून असावं लागतं. त्याला केंद्राच्या योजनेतून लघू-सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के अनुदान आहे, तेव्हा सुरुवात तिथून. खसरा, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद, कोणाच्या नावावर आहे? वाटणी झाली नसेल तर पटवाऱ्याकडून तेवढं आधी निस्तरा, अर्ज तिथंच अडकतात.

आणि थोडा गहू कमी करून हरभरा घ्या. गव्हाला चार-पाच पाणी लागतं, हरभऱ्याचं एक-दोन पाण्यात भागतं. सोयाबीन गादीवाफ्यावर पेरायचं असेल तर खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत जाऊन विचारा, इंदूरकरांना ते घरचंच आहे.

देपालपूरची सून: खसरा बाबांच्याच नावावर आहे. देवासचं काढल्यावर ते बराच वेळ प्रश्न विचारत होते, रविवारी जाऊ म्हणाले. काका, उतार पूर्वेला नाल्याकडे आहे. तलाव तिकडेच घ्यावा ना?

सांवेरवाले काका: हो, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. पण नाल्यापासून पाळ चांगली आत ठेवा, आणि जास्तीचं पाणी जायला दगडी सांडवा नक्की करा.